पिशवी हलकी, हात मोकळे

दिवाळी सरते, उसाच्या फडात कोयते चालू लागतात आणि पहाटेची थंडी अंगाला झोंबू लागते. त्या दिवसांत करकंबच्या आमच्या वस्तीत एकच विषय निघतो. विहाराच्या पायरीवर, चहाच्या टपरीवर, पाण्याच्या नळावर एकमेकांना विचारणे सुरू होते, "यंदा दादरला कोण कोण?"

दादरला म्हणजे 6 डिसेंबरला, चैत्यभूमीवर. हे आमच्या वाचकांना सांगायला नको. मात्र अलीकडे या प्रश्नाला एक शेपूट जोडले गेले आहे. "नुसते वंदनेला, की सेवेला?" असेही विचारतात. कॉलेजला जाणारी, आयटीआय करणारी, दुकानात नाहीतर गॅरेजवर राबणारी आमची मुले-मुली आता स्वयंसेवक म्हणून निघतात. रांगा लावणे, पाणी वाटणे, म्हाताऱ्या माणसांना हात देणे, चुकलेल्या लेकराला त्याच्या माणसांपाशी पोहोचवणे आणि शेवटी मैदानातला कचरा उचलणे ही त्यांची कामे. आम्हांला याचे मनापासून कौतुक वाटते. म्हणूनच आज एका साध्या, पण दरवर्षी चुकणाऱ्या गोष्टीबद्दल चार शब्द लिहितो आहोत. ती गोष्ट म्हणजे पिशवी.

निघायच्या आदल्या रात्री घराघरांत काय चालते ते सांगतो. पोरगा एक पिशवी भरतो आणि आई तिच्या शेजारी दुसरी भरत बसते. "चार कापडं जास्ती असू दे. ती वाकळ घे, तिथं थंडी वाजंल. लोणच्याची बरणी घे. हा डबा तुझा, आन् हा वाटंत कुणी भेटलं तर त्याचा." पोरगा म्हणतो, "आई, एवढं कोण उचलणार?" आई म्हणते, "आरं, परमुलूख हाय. कोण देणार हाय तुला तिथं?"

या शेवटच्या वाक्याकडे आम्हांला पुन्हा यायचे आहे. त्याआधी आमचीच एक चूक सांगतो.

आमची चूक

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा सेवेसाठी दादरला गेलो, तेव्हा एका हातात रेक्झिनची मोठी बॅग होती, दुसऱ्या हातात चार पुडांचा डबा आणि खांद्यावर वळकटी. कुर्डुवाडीला रात्रीच्या गाडीत चढताना बॅग आधी आत ढकलली आणि मग आम्ही. जनरलच्या डब्यात जिथे दोन माणसे टेकली असती, तिथे आमचे सामान बसले. रात्रभर एक गृहस्थ त्या बॅगेकडे पाहत उभे होते. बोलले काही नाहीत. आम्हांला मात्र त्यांच्या नजरेला नजर देववली नाही.

सकाळी दादरला उतरलो. पुलाच्या पायऱ्यांवर मुंगीला वाट नव्हती. आमच्या पुढे एक आजी चालल्या होत्या. नेसू पांढरे लुगडे, हातात निळा झेंडा. तीन-चार पायऱ्या चढल्या आणि त्यांचा पाय घसरला. त्यांनी मागे वळून आधारासाठी हात पुढे केला, तो नेमका आमच्याच दिशेने. आमचे दोन्ही हात सामानाने भरलेले होते. बॅग टाकावी तर मागच्या माणसाच्या पायावर पडणार, डबा टाकावा तर पायऱ्यांवर तेल सांडणार. आम्ही काय करावे या विचारात असतानाच बाजूच्या एका पोराने आजींना सावरले. त्याच्या पाठीला शाळेच्या दप्तराएवढी पिशवी होती आणि हात मोकळे होते.

आजींना काही लागले नाही. पण छातीवर 'स्वयंसेवक' असा बिल्ला लावून आम्ही तिथे नुसते हमालासारखे उभे होतो. हमालसुद्धा दुसऱ्याचे ओझे वाहतो, आम्ही आमचेच वाहत होतो. त्या दिवशी एक धडा मिळाला, तो आजवर विसरलो नाही. वंदनेला येणाऱ्या माणसाने काय आणावे हा त्याचा प्रश्न आहे. स्वयंसेवकाने मात्र सगळ्यांत आधी दोन मोकळे हात आणले पाहिजेत.

आपली गाठोडी जड का होती?

आता त्या आईच्या वाक्याकडे वळू. "कोण देणार हाय तुला तिथं?" हे वाक्य तिचे एकटीचे नाही. तिच्या आईचे, आजीचे, पणजीचे ते वाक्य आहे आणि त्याला कारण आहे.

बाबासाहेबांनी आपल्या बालपणीचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. साल साधारण 1901. बाबासाहेब तेव्हा दहा वर्षांच्या आसपासचे. वडील सुभेदार रामजी गोरेगावला नोकरीवर आणि मुले साताऱ्याला. सुट्टीत वडिलांकडे जायचे म्हणून मुलांना नवे कपडे शिवले, नवे बूट घेतले, बरोबर खाण्याचा डबा भरून दिला. मुले मसूर स्टेशनावर उतरली. चिठ्ठी वेळेवर न पोहोचल्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला. गाडीवान बैलगाडी द्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला. त्यातही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि तो बाजूने चालणार, असे ठरले. रात्र झाली. डबा अन्नाने भरलेला होता. पण प्यायला स्वच्छ पाण्याचा थेंब त्यांना कोणी दिला नाही आणि ती लेकरे भरल्या डब्याजवळ उपाशी झोपली.

वाचक बंधू-भगिनींनो, सामान कितीही घ्या, वाटेत माणुसकी भेटली नाही तर सामान पोट भरत नाही. असे पुन्हा पुन्हा सोसलेला समाज पुढच्या वेळी काय करणार? तो पाण्याचे गाडगेही बरोबर घेणार. तांब्या घेणार, पेला घेणार, चूल मांडायला गोवऱ्यासुद्धा घेणार.

1927 च्या मार्चमध्ये महाडला परिषद भरली. चवदार तळे गावात होते, पण आपल्याला ते बंद होते. परिषदेला आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. त्या काळचे चाळीस रुपये! आणि 20 मार्चला बाबासाहेबांच्या मागून लोक तळ्यावर गेले ते कळशा, घागरी घेऊन नव्हे. ओंजळ घेऊन गेले. ओंजळीला दोन्ही हात मोकळे लागतात.

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना बार्शी लाईट आठवते. कुर्डुवाडीहून मोडनिंबवरून पंढरपूरला येणारी ती अरुंद रुळांची, हळू चालणारी गाडी. गाडीच्या नावातच 'लाईट' होते, पण तिच्यात बसणाऱ्या आमच्या माणसांची गाठोडी भलतीच जड असत. आमच्या घरातल्या एक वृद्ध आजी सांगायच्या, "हाटेलात कप येगळा असायचा, न्हाईतर भाईर बसून वरनं वतायचे. त्यापरीस आपलं आपल्याबरं असल्यालं बरं." आपलं आपल्याबरोबर म्हणजे भाकरी, पाणी, पेला, पांघरूण, सारे काही. त्या गाठोड्यात नुसते सामान नव्हते, अपमान टाळण्याची धडपड बांधलेली होती.

म्हणून आई जास्तीचे भरते तेव्हा तिला हसू नका. ती हट्टी नाही. तिला मागच्या तीन पिढ्यांची तहान ठाऊक आहे.

मग आता काय बदलले?

सगळे बदलले असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. पण 6 डिसेंबरच्या दादरपुरते तरी चित्र वेगळे आहे. 7 डिसेंबर 1956 रोजी जिथे बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, तिथे आज स्तूप उभा आहे. 1971 च्या 5 डिसेंबरला मीराताई आंबेडकरांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दरवर्षी लाखो लोक तिथे येतात. शिवाजी पार्कवर महापालिका मंडप घालते, नळ बसवते, फिरती शौचालये आणि दवाखान्याची सोय करते. कामगार संघटना, कर्मचारी संघटना, वस्त्यावस्त्यांतली मंडळे अन्न आणि पाणी वाटतात. तिथे कोणी जात विचारून पाणी वरून ओतत नाही. उलट, पुढे होऊन पेला हातात देतात.

तेव्हा "कोण देणार हाय तुला तिथं?" याचे उत्तर आता "आपलीच माणसं" असे आहे. आणि त्या देणाऱ्यांच्या रांगेत यंदा तुमचा मुलगा, तुमची मुलगी उभी राहणार आहे. मसूरच्या रस्त्यावर जे पाणी मिळाले नाही, ते पाणी यांच्या हातून दिले जाणार आहे. त्या हातांत आपण बरण्या आणि डबे अडकवून ठेवायचे का?

भिक्खूंच्या आठ वस्तू

कमी सामानाचा धडा आपल्याला बाहेरून आणायला नको. तो आपल्या धम्मातच आहे. बुद्धांनी पहिल्या साठ भिक्खूंना लोकांच्या हितासाठी धम्म सांगायला पाठवले, तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगितले. पायी चालणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या या माणसांचे सामान किती? आठ वस्तू. त्यांना अष्टपरिष्कार म्हणतात. तीन चीवरे, एक भिक्षापात्र, एक कमरपट्टा, एक वस्तरा, एक सुई आणि पाणी गाळायचे एक गाळणे.

या यादीकडे जरा नीट पाहा. अंग झाकायला आहे, खायला पात्र आहे, स्वच्छता आहे, फाटले तर शिवायला सुई आहे. गाळणे कशासाठी? पाण्यातले बारीक जीवही आपल्या पोटात जाऊन मरू नयेत म्हणून. म्हणजे आठांतली एक वस्तू दुसऱ्या जीवाच्या काळजीसाठी आहे. सामान कमी असले तरी त्यात दुसऱ्याची जागा ठेवलेली आहे.

आपली मुले भिक्खू नाहीत, संसारी घरची आहेत. पण तीन दिवसांच्या सेवेसाठी त्यांनाही आठ गोष्टी पुरतात. अनुभवाने जमवलेली आमची यादी देतो. कापून भिंतीला लावावी.

आपल्या आठ वस्तू

1. कपडे. अंगावर एक जोड आणि पिशवीत एक. पांढरा सदरा एक जास्त चालेल, कारण मैदानावरच्या धुळीने तो दुपारपर्यंत मळतो. आतले कपडे दोन जोड. स्वेटर पिशवीत भरू नका, अंगात घाला. करकंबहून निघताना रात्री थंडी असते, मुंबईत उतरल्यावर तो काढून कमरेला बांधता येतो. तिथली हवा दमट असते, जाड कपड्याने घाम फुटतो. पायांत वापरून मऊ झालेले बूट किंवा पट्ट्याची चप्पल असावी. नवे बूट मुळीच नको, पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतो आणि दोन दिवस माणूस लंगडतो.

2. एक चादर आणि एक प्लॅस्टिकचा कागद. वाकळ घरी ठेवा. चादर पांघरायला आणि कागद खाली अंथरायला. डिसेंबरात पाऊस कुठला, असे म्हणू नका. 2017 साली ओखी वादळामुळे 5 डिसेंबरला मुंबईत पाऊस झाला, शिवाजी पार्कवर चिखल झाला आणि आलेल्या लोकांची सोय महापालिकेच्या शाळांतून करावी लागली. त्या रात्री ज्याच्याजवळ चार हात प्लॅस्टिक होते, तो राजा होता.

3. एक स्टीलची ताटली, एक पेला, एक पाण्याची बाटली. तिथे जेवण मिळते, पण आपली ताटली असली तर कागदी पत्रावळीचा कचरा वाढत नाही. बाटली लिटरभराची पुरे. रिकामी झाली की भरून घ्यावी.

4. शिदोरी, दोन वेळची. जाताना रात्रीची आणि सकाळची. याला आपल्या सोलापूर जिल्ह्यासारखा तोडगा दुसरीकडे नाही. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ही भाकरी दिवसच्या दिवस टिकते, वजनाला पापडासारखी हलकी असते, विटत नाही, गळत नाही. कापडात गुंडाळा आणि चटणी पुडीत बांधा. धपाटी घेतली तर ती पहिल्या रात्रीच संपवा. तेलाचे लोणचे, रश्श्याची भाजी, दही यांना सुट्टी द्या.

5. अंगस्वच्छतेचे पुडके. दात घासायचा ब्रश, साबणाची अर्धी वडी, छोटा कंगवा आणि सुती पंचा. जाड टॉवेल नको, भिजला की वाळत नाही आणि ओला राहिला की पिशवीभर कुबट वास सुटतो. पंचा ऊन लागले तर डोक्याला बांधता येतो, कोणाला लागले-खरचटले तर पट्टीच्या कामी येतो.

6. स्वतःचे औषध. ज्याला दमा, मधुमेह, फिट किंवा दुसरे काही दुखणे असेल, त्याने आपल्या गोळ्या चार दिवसांच्या घ्याव्यात आणि गटातल्या दोघांना तरी ते सांगून ठेवावे. यात लाजायचे कारण नाही.

7. ओळख आणि पैसे. ओळखपत्राची झेरॉक्स आणि घरच्या व गटप्रमुखाच्या फोनचा नंबर कागदावर लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवावा. आता सगळे मोबाईलमध्येच असते, हे खरे. पण गर्दीत फोन लागत नाही, बॅटरी उतरते, मोबाईल पडतो. कागदाची बॅटरी उतरत नाही. पैसे थोडे, पण दोन ठिकाणी ठेवावेत. थोडे वरच्या खिशात, थोडे आतल्या.

8. सुई-दोरा आणि छोटी वही-पेन. सुई भिक्खूंच्या यादीतलीच आहे. पिशवीचा बंद तुटतो, बटण जाते, कोणाचा झेंडा फाटतो. वही कशाला? चुकलेल्या मुलाचे नाव, त्याच्या गावाचे नाव, कोणाची काय वस्तू सापडली, हे लिहून घ्यायला. आणि रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरात काय पाहिले ते चार ओळींत लिहायला. ही सवय तरुणांनी लावून घ्यावी.

गटाची पिशवी वेगळी

दहा जणांच्या गटात दहा टॉर्च, दहा साबणाच्या वड्या, दहा मलमे कशाला? यात ओझे वाढते आणि प्रत्येक जण आपापल्यापुरता राहतो. जे सगळ्यांचे आहे ते एका पिशवीत घालावे आणि ती पिशवी पाळीपाळीने प्रत्येकाने वाहावी. तिच्यात एक टॉर्च, एक शिट्टी, कात्री, दहा-बारा हात सुतळी, पट्टी-कापूस-मलम, जलसंजीवनीच्या पुड्या, मोबाईल चार्ज करायची एक पॉवर बँक आणि कचऱ्यासाठी रिकाम्या गोण्या असाव्यात. गोण्यांना वजन नसते, पण 6 तारखेच्या रात्री त्यांच्याइतके मोलाचे दुसरे काही नसते.

चाकांची बॅग, पत्र्याची पेटी, चार पुडांचा डबा, अंगावरचे सोने, अत्तराच्या बाटल्या हे सारे घरी राहू द्या. स्टोव्ह आणि रॉकेल तर रेल्वेत न्यायलाच बंदी आहे. एकाच्या सोयीपायी सबंध डब्याच्या जिवाशी खेळू नये.

मुलींच्या आईंना दोन शब्द

आमच्या गटात मुली असतात आणि असायलाच हव्यात. दर्शनाच्या रांगेत निम्म्या बायका असतात. लेकुरवाळ्या असतात, म्हाताऱ्या असतात. त्यांची अडचण मुलींनाच आधी कळते. मुलीच्या पिशवीत पाळीच्या दिवसांचे पॅड, ते गुंडाळायला जुने वर्तमानपत्र आणि एक गडद रंगाची सलवार असावी. तारीख नसली तरी असावी. स्वतःला लागले नाही तर रांगेतल्या दुसऱ्या एखाद्या ताईला लागेल. खिसा असलेला कुडता घालावा, पर्स सांभाळत बसू नये. मुलींनी निदान तिघी-तिघींनी एकत्र राहावे आणि गटात एक तरी वयाने मोठी बाई असावी. एवढे ठरले की आईनेही मन घट्ट करावे. माता रमाई, सावित्रीमाई यांचे फोटो भिंतीवर लावायचे आणि मुलीला उंबऱ्याच्या आत ठेवायचे, हे एका घरात बरे दिसत नाही.

निघण्याआधी तालीम

पिशवी भरून झाली की किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. बाटली भरलेली धरून पाच किलोच्या वर गेली, तर परत उघडा आणि काढा. काय काढावे कळत नसेल, तर प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारा, "ही नसली तर माझे काम अडेल का?" अडणार नसेल तर ती घरी.

मग पिशवी पाठीवर घेऊन एस.टी. स्टँडपर्यंत जाऊन या. न थांबता जा. पोहोचल्यावर दोन्ही हात डोक्यावर करून दाखवा. खांदा दुखला नाही आणि हातात काही राहिले नाही, म्हणजे तालीम पास झाली. गावातली पोरे हसतील. हसू द्या. दादरच्या पुलावर कोणी हसणार नाही.

आणखी एक. मनात आले आणि निघालो, असे करू नका. तिथे व्यवस्था पाहणाऱ्या एखाद्या जबाबदार संघटनेला आधी कळवा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाला भेटायचे आणि काम काय, हे ठरवून घ्या. सांगितलेली पाळी सोडून फोटो काढत फिरणारा स्वयंसेवक हा गर्दीत आणखी एक माणूस एवढाच असतो. ज्यांचा रोज बुडणार आहे, त्यांनी घरी आधीच बोलावे. हंगामाचे दिवस असतात, तीन दिवसांची मजुरी म्हणजे घराला लहान गोष्ट नाही. घरच्यांनी ती सोसली तर तीही सेवाच आहे आणि मुलाने ती विसरू नये.

येताना पिशवी जड होऊ द्या

इतका वेळ हलके करा, काढा, घरी ठेवा, असे सांगत आलो. आता उलटे सांगतो. पिशवीत एक वीत जागा रिकामी ठेवा, ती परतीसाठी.

6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकाने लागतात. नवे धान्य घ्यायला बाजारात जावे तशी माणसे तिथे पुस्तके घ्यायला जातात. अंगावर साधे कपडे, पायांत झिजलेली चप्पल आणि बगलेत बाबासाहेबांच्या ग्रंथांचा गठ्ठा असे लोक तिथे जागोजागी दिसतात. अशी गर्दी दुसऱ्या कुठल्या मेळ्यात आम्ही तरी पाहिली नाही. शासनाने छापलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड आहेत, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आहे, फुल्यांचे वाङ्मय आहे, लहान मुलांसाठी पातळ पुस्तके आहेत. जाताना ज्या जागेत लोणच्याची बरणी बसली असती, त्या जागेत येताना एक खंड बसतो. गटातल्या दहा जणांनी दहा वेगवेगळी पुस्तके आणली, तर वस्तीच्या विहारात एक कपाट भरायला सुरुवात होते.

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगून थांबतो. गेल्या वर्षी तिथल्या मुलाने आईचे ऐकले आणि आईनेही मुलाचे ऐकले. आईने दोन डब्यांऐवजी पुडकेभर कडक भाकऱ्या दिल्या. वाकळ घडी घालून फळीवर ठेवली. पोरगा गेला, तीन दिवस राबला, परत आला. आईने पहिला प्रश्न केला, "उपाशी न्हाई ना राह्यलास?" तो म्हणाला, "न्हाई. चटणी-भाकरी तर मी गाडीत एका मावशीला दिली. तिथं मला लोकांनी वाढलं."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने त्याची पिशवी उचलून पाहिली. "आन् ही एवढी जड कशानं झाली?"

त्याने पुस्तके बाहेर काढली. आईला वाचता येत नाही. तिने पदराने वरच्या पुस्तकाची धूळ पुसली, मुखपृष्ठावरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाली, "हे वझं चालतंय. वाच मोठ्यानं, मी भाकऱ्या थापते."

तरुण मित्रांनो, आईचे दोन शब्द ऐका, आमचे चार ऐका आणि पिशवी पुन्हा एकदा उघडून पाहा. तुमच्या पुढच्या पायरीवर एखादी आजी चढत असेल. तिने मागे वळून हात पुढे केला, तर तो धरायला तुमचा हात रिकामा असला पाहिजे.

जयभीम.